अर्धी कविता अर्धीच छापा

लांडगा बेरेन नावाच्या वीराचा हात मनगटापासून तोडतो, त्या मुठीत जगातला सगळ्यात तेजस्वी मणी असतो, लांडगा हातासकट तो मणी गिळतो आणि कविता तिथेच थांबते. चार हजारांहून जास्त ओळी वाचत आपण इथवर आलेलो असतो, त्याच्या प्रेयसीने, लुथिएनने, नरकासारख्या त्या किल्ल्यात जाऊन गाणं म्हणून खुद्द दुष्टांच्या राजाला, मॉरगॉथला, झोपवलेलं असतं, दोघं पळत दरवाजापाशी आलेले असतात, आणि पुढे काहीच नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी खरोखर पान उलटून बघितलं की मधली पानं गळलीत का. गळली नव्हती. कवितेचा लेखक, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टॉल्किन, त्यानेच तिथे लिहिणं थांबवलं होतं, १९३१ च्या सप्टेंबरात.

ही कविता म्हणजे 'द ले ऑफ लेथियन'. १९२५ च्या उन्हाळ्यात सुरू केलेली, सहा वर्षं तुकड्यातुकड्यांनी लिहिलेली. हस्तलिखिताच्या कडेला त्याने मधेमधे तारखा टाकल्यात, त्यामुळे कुठला भाग कधी झाला हे बऱ्यापैकी कळतं. ती छापून आली १९८५ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर बारा वर्षांनी, 'द लेज ऑफ बेलेरिअँड' या पुस्तकात. त्याच पुस्तकात त्याच कथाविश्वातल्या तूरिन या वीराच्या गोष्टीवरची आणखी एक मोठी कविता आहे, लीड्स विद्यापीठात शिकवत असताना लिहिलेली, दोन हजारांवर ओळींची, तीही अर्धवट. आणि पुढे २०१३ मध्ये राजा आर्थरवरची 'द फॉल ऑफ आर्थर' आली, जेमतेम हजाराच्या आतबाहेर ओळी, पाचव्या सर्गात सोडून दिलेली. म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक म्हणून ज्याला आपण ओळखतो (मराठीतही 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून ते आलंय), तो माणूस आयुष्यभर मोठमोठ्या कथाकविता सुरू करत होता आणि बहुतेक सोडून देत होता.

आता प्रश्न असा की या छापायला हव्या होत्या का? याबद्दल लोक फार ठाम बोलतात. काहींचं म्हणणं, मेलेल्या माणसाच्या टेबलाच्या खणातले कागद बाहेर काढणं बरोबर नाही, त्याला हवं असतं तर त्याने स्वतः छापलं असतं. काहींचं म्हणणं, हे सगळं पैशासाठी चाललंय. आणि तिसरा एक गट आहे जो मला या दोघांपेक्षा जास्त काळजीत टाकतो, तो म्हणतो अर्धवट कशाला छापता, कुणीतरी चांगला लेखक बसवा आणि पूर्ण करून द्या, वाचकाला आख्खी गोष्ट मिळू दे. माझं मत या तिघांच्या विरुद्ध आहे. छापायलाच हव्यात, पण जिथे तुटल्या तिथे तुटलेल्याच छापायला हव्यात, तुटलेली जागा झाकायची नाही.

पहिला आक्षेप आधी घेऊ कारण तो सगळ्यात प्रामाणिक आहे. लेखकाची इच्छा ही गोष्ट मी अजिबात हलकी मानत नाही. इंग्रज फँटसी लेखक टेरी प्रॅचेटचं उदाहरण बऱ्याच जणांना माहितीये. त्याला आपलं अपुरं काम कुणी छापायला नको होतं, तो २०१५ मध्ये गेला आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याची हार्ड डिस्क इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या जत्रेत जुन्या वाफेच्या रोडरोलरखाली घालून चिरडली. मला ती बातमी वाचून वाईट वाटलं होतं, त्यात काय काय असेल असं मनात येतंच, पण ते बरोबर होतं. त्याने सांगितलं होतं, त्याच्या माणसांनी ऐकलं, विषय संपला. वाचक म्हणून माझा त्याच्यावर काहीच हक्क नाही.

पण टॉल्किनची केस उलटी आहे आणि लोक ते लक्षात घेत नाहीत. त्याने मृत्युपत्रात आपल्या धाकट्या मुलाला, ख्रिस्टोफरला, सगळ्या अप्रकाशित कागदांचे पूर्ण अधिकार दिले होते. छापायचे, संपादित करायचे, बदलायचे, नव्याने लिहायचे, पूर्ण करायचे आणि वाटलं तर नष्टही करायचे. म्हणजे जाळायची परवानगी होती, नि पूर्ण करायचीही होती. मुलाने यातलं काय निवडलं हाच तर खरा मुद्दा आहे. शिवाय या कविता बापाने लपवून ठेवल्या होत्या असंही नाही. 'लेथियन'ची काही पानं त्याने १९३७ मध्ये स्वतः प्रकाशकाकडे पाठवली होती. आर्थरची कविता त्याने आपल्या ओळखीच्या प्राध्यापकाला, आर. डब्ल्यू. चेंबर्सला, वाचायला दिली होती आणि ते १९३४ च्या डिसेंबरात त्याला कळवत होते की ही तू पूर्ण केलीच पाहिजेस. आणि १९५५ मध्ये, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापून होत असताना, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तो एका पत्रात लिहितो की आर्थरची ती मोठी कविता पूर्ण करायची मला अजून आशा आहे. जवळजवळ वीस वर्षं हात न लावलेल्या कवितेबद्दल. ज्या माणसाला कविता फेकायची असते तो असं लिहीत नाही.

आता मुख्य गोष्ट. टॉल्किनचा धंदा काय होता ते बघा. तो फँटसी लेखक नंतर, आधी जुन्या इंग्रजीचा प्रोफेसर, पहिल्यांदा लीड्सला आणि १९२५ पासून ऑक्सफर्डला. आणि जुनी इंग्रजी कविता म्हणजे काय, तर जवळजवळ सगळंच फाटकं, जळकं, अर्धवट. 'बेओवुल्फ'ची जगात एकच प्रत उरलीये आणि तीसुद्धा १७३१ च्या लंडनमधल्या आगीत कडेने करपली. 'द बॅटल ऑफ माल्डन' ही लढाईची कविता, तिला सुरुवात नाही आणि शेवट नाही, सव्वातीनशे ओळींचा मधलाच भाग, आणि तिची मूळ प्रत त्याच १७३१ च्या आगीत पूर्ण गेली, त्याआधी कुणीतरी हाताने उतरवून ठेवली होती म्हणून आज आपण ती वाचतो. फिन्सबर्गच्या लढाईची कविता, सुमारे पन्नास ओळी, एका सुट्या पानावर होती, ते पान १७०५ मध्ये छापून झालं आणि मग हरवलं. टॉल्किनने या फिन्सबर्गवर वर्षानुवर्षं लेक्चर्स दिली, त्या पन्नास ओळींमागे आख्खी गोष्ट काय असेल हे शब्दाशब्दाला धरून शोधत राहिला. माल्डन जिथे तुटते त्याच्या पुढचा प्रसंग म्हणून त्याने स्वतः एक छोटं पद्यनाट्य लिहिलं, ते १९५३ मध्ये छापलं. लढाई झाल्यावर रात्री दोन माणसं मालकाचं प्रेत शोधायला रणांगणावर जातात, एवढाच प्रसंग.

आणि स्कँडिनेव्हियाच्या जुन्या कथांमधला वीर सिगुर्ड, त्याचं तर अजूनच. आइसलंडचं जे सगळ्यात मौल्यवान जुन्या कवितांचं हस्तलिखित आहे, 'कोडेक्स रेगियस', त्यातली नेमकी सिगुर्डच्या मोठ्या कवितेची आठ पानं गायब आहेत. शेकडो वर्षं तिथे भोक आहे. टॉल्किनने त्या सगळ्या सिगुर्ड आणि त्याची बायको गुद्रून यांच्या कवितांना एकत्र बांधणारी आपली स्वतःची कविता लिहिली, पाचशेहून जास्त कडवी, आणि ती मात्र पूर्ण केली, २००९ मध्ये छापून आली. पण लक्ष द्या, त्याने ती मूळ हस्तलिखितात घुसडली नाही, हरवलेली आठ पानं मला सापडली असं म्हटलं नाही. ही माझी, नवी, असं नावातच सांगितलं. तुकडा तो तुकडा आणि माझं ते माझं, हा फरक त्याच्या हाडात होता. म्हणून त्याच्याच अर्धवट कवितांना हाच न्याय मिळाला पाहिजे असं मला वाटतं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या फाटक्या पानांचा मान राखला त्याची फाटकी पानं आपण शिवून, इस्त्री करून विकायची का?

बरं, त्याच्या मित्राने हे फार आधी ओळखलं होतं. सी. एस. लुईसने १९२९ च्या डिसेंबरात 'लेथियन' वाचली आणि खूप खूश झाला, मग पानंच्या पानं टीका लिहून पाठवली. ती टीका कशी लिहिली माहितीये? जणू ही शेकडो वर्षांपूर्वीची जुनी कविता आहे, तिच्या वेगवेगळ्या प्रती सापडल्यात, आणि खोट्या नावांचे पंडित आपसात वाद घालतायत की इथे ही ओळ मूळची असणं शक्य नाही, नंतरच्या कुणा लेखनिकाने बिघडवली असणार. म्हणजे कमजोर ओळ दाखवायची पण मित्राला दुखवायचं नाही. टॉल्किनने त्यातल्या कितीतरी सूचना मानल्या आणि ओळी बदलल्या. मला हा प्रकार नुसता गोड वाटत नाही, मला वाटतं लुईसला त्या कवितेचा स्वभाव कळला होता, ती जिवंत माणसाच्या टेबलावर असतानाच जुन्या पोथीसारखी होती.

आता ख्रिस्टोफरकडे येऊ, कारण हा सगळा वाद शेवटी त्याच्या निर्णयांबद्दल आहे. टॉल्किन २ सप्टेंबर १९७३ ला गेला, एक्क्याऐंशी वर्षांचा होऊन. मागे खोकीच्या खोकी कागद, एकाच गोष्टीचे चार चार ड्राफ्ट, पेन्सिलीवर शाईने लिहिलेले. ख्रिस्टोफर स्वतः ऑक्सफर्डला जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतल्या, साहित्याचा माणूस, त्याने १९६० मध्ये एका आइसलंडी सागाचं संपादन केलेलं. १९७५ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि पुढची पंचेचाळीस वर्षं, २०२० च्या जानेवारीत वारेपर्यंत, या कागदांना दिली.

पहिल्यांदा त्याने काय केलं? १९७७ चं 'सिल्मारिलियन'. आणि हे जरा थांबून समजून घ्यायला हवं. त्यात त्याने वेगवेगळ्या काळातले ड्राफ्ट घेऊन एक सलग, न अडखळणारी गोष्ट बनवली. मदतीला गाय गॅव्हरिएल के नावाचा तरुण कॅनेडियन होता, जो पुढे स्वतः मोठा फँटसी लेखक झाला. एका ठिकाणी, डोरियाथ राज्याच्या नाशाच्या प्रकरणात, बापाचं लिखाण इतकं जुनं आणि विसंगत होतं की या दोघांनी ते प्रकरण जवळजवळ नव्याने रचलं. वाचकाला काही कळलं नाही. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे सगळं टॉल्किनचंच म्हणून वाचलं, त्यातल्या एका प्रसंगावर मित्रांशी तावातावाने बोललो होतो की बघा टॉल्किन त्याच्या गोष्टींतल्या बुटक्यांबद्दल काय म्हणतो. तो टॉल्किन नव्हताच. हे मला कितीतरी वर्षांनी कळलं आणि मला फसवल्यासारखं वाटलं, आजही वाटतं.

पण ते मला कळलं कुणाकडून, तर ख्रिस्टोफरकडूनच. त्याने १९८३ मध्ये जाहीरपणे लिहिलं की 'सिल्मारिलियन' तसं, हे काय आहे नि कुठून आलं हे काहीच न सांगता छापणं ही चूक होती. १९९४ मध्ये त्या डोरियाथच्या प्रकरणाबद्दलही सांगून टाकलं की तिथे मी संपादकाची हद्द ओलांडली. आपल्या सगळ्यात यशस्वी पुस्तकाबद्दल असं बोलायला फार मोठं मन लागतं. आणि नुसतं बोलला नाही, १९८३ ते १९९६ या काळात त्याने बारा खंड काढले ज्यात सगळं उघडं करून ठेवलंय, हा ड्राफ्ट कधीचा, ही ओळ कुठे खोडली, इथे शब्द वाचता येत नाही, इथे कागद संपतो. 'लेज ऑफ बेलेरिअँड' हा त्यातला तिसरा खंड. म्हणजे माझा मुद्दा, तुटलेलं तुटलेलंच ठेवा, हा मी बाहेरून लादत नाहीये. ज्याने दोन्ही करून बघितलं तो स्वतःच तिथे पोचला.

आणि गंमत नव्हे, मला फार महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट सांगतो. त्या सलग केलेल्या १९७७ च्या पुस्तकातसुद्धा बेरेन आणि लुथिएनच्या प्रकरणात मधेच पद्य येतं. राजा फिनरॉड आणि मॉरगॉथचा सरदार सॉरॉन यांची गाण्याची लढाई होते, एक मंत्र गातो दुसरा त्याला उत्तर गातो, आणि तिथे गद्य बाजूला होऊन 'लेथियन'च्या ओळी जवळजवळ जशाच्या तशा येतात. त्या प्रसंगाला गद्य पुरलंच नसतं. कित्येक वाचकांना विचारा, त्या पुस्तकातलं काय आठवतं, ते हाच प्रसंग सांगतील. म्हणजे लोकांना ही अर्धवट कविता १९७७ पासूनच आवडत होती, फक्त आपण एका अर्धवट कवितेचा तुकडा वाचतोय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

कवितेबद्दलच बोलतोय तर दोन शब्द तिच्या घडणीबद्दल, कारण 'छापण्यालायक आहे का' हा प्रश्न शेवटी इथे येतो. 'लेथियन' यमकात आहे, छोट्या ओळी, दोन दोन ओळींना यमक, आपल्या कानाला ती लगेच पटते, ओवी किंवा अभंगावर वाढलेल्या माणसाला यमक परकं नाही. पण तूरिनची कविता आणि आर्थरची कविता वेगळ्या आहेत, त्या जुन्या इंग्रजी छंदात आहेत, तिथे यमक नाहीच. ओळीचे दोन तुकडे, मधे श्वास, आणि दोन्ही तुकड्यांना बांधतो तो शब्दाच्या सुरुवातीचा आवाज. मी समजावायला मराठीत एक ओळ करून बघतो: 'वाऱ्याने विझली, वेशीवरची ज्योत.' वा, वि, वे हे तीन ठोके एका आवाजाचे आणि शेवटचा ठोका मुद्दाम वेगळा, नियमच तसा आहे. आता अशा हजार ओळी सलग लिहायच्या, त्यात समुद्र, जहाजं, विश्वासघात, राणीचं पळून जाणं हे सगळं आणायचं आणि कुठेही शब्द ओढूनताणून आणल्यासारखा वाटू द्यायचा नाही. विसाव्या शतकात हे इतक्या ताकदीने करणारी माणसं फार थोडी. आर्थरच्या कवितेतली वादळात फिरणारी जहाजं, दिवस उजाडताना दगाबाज मॉर्ड्रेडचं खिडकीतून बघणं, हे मोठ्याने वाचून बघा, मनात वाचू नका, मोठ्याने. ज्याला ही कविता नुसती उरलेसुरले कागद वाटते त्याने ती मोठ्याने वाचलेली नाही असं मी खात्रीने म्हणतो.

सगळ्यांनाच ती आवडली असंही नाही. १९३७ मध्ये प्रकाशकाने 'लेथियन'ची पानं एडवर्ड क्रँकशॉ नावाच्या वाचकाला दिली, त्याला पद्य फारसं आवडलं नाही, सोबतचं गद्य आवडलं, नावांनी मात्र तो वैतागला. प्रकाशकाला तर त्याच्या 'हॉबिट' या कादंबरीचा पुढचा भाग हवा होता. टॉल्किनने १६ डिसेंबरला उत्तर लिहिलं की माझ्या जुन्या कथांना तुम्ही तुच्छतेने नाकारलं नाही याचा मला फार आनंद आहे, आणि त्यानंतर अवघ्या तीन दिवसांत हॉबिटच्या नव्या गोष्टीचं पहिलं प्रकरण लिहून झाल्याचं कळवलं. तीच गोष्ट पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' झाली. हा नकार नसता तर काय झालं असतं हे सांगता येत नाही, पण एवढं दिसतं की ज्या कवितेसाठी बाजारात जागा नव्हती तिच्या शेजारीच ते मोठं पुस्तक जन्मलं. मग ती कविता वाचकापासून लपवून ठेवायची, आणि फक्त यशस्वी पुस्तक दाखवायचं, हा लेखकाचा खोटा फोटो झाला. त्याचं पूर्ण झालेलं काम आणि सोडलेलं काम मिळून तो माणूस आहे.

आता पैशाचा आक्षेप. यात दम आहे आणि मी तो टाळणार नाही. आर्थरची कविता पुस्तकात साधारण चाळीस पानं आहे, बाकीची पावणेदोनशे-दोनशे पानं ख्रिस्टोफरच्या नोंदी आणि निबंध. जाड कव्हर, भारी किंमत, वर वडिलांचं नाव मोठ्या अक्षरात. ज्याने सिनेमे बघून हौसेने ते विकत घेतलं त्याला घरी येऊन कळलं की यात ना एल्फ आहेत ना हॉबिट आणि कविताही अर्धी, त्याला राग आला तर तो चूक नाही. माझी याबद्दल साधी मागणी आहे, अपूर्ण असेल तर 'अपूर्ण' हा शब्द कव्हरवर, नावाच्या खाली, दिसेल असा छापा. आत प्रस्तावनेच्या तिसऱ्या पानावर नको. औषधाच्या बाटलीवर आत काय आहे लिहितात ना, तसं. आणि कागदी स्वस्त आवृत्ती लवकर काढा, कॉलेजातल्या मुलांना परवडेल अशी.

पण त्या दोनशे पानांना मी भर घातलेला मजकूर म्हणत नाही. त्याशिवाय कविता कळतच नाही. आर्थर जिथे तुटते त्याच्यापुढचं टॉल्किनने फक्त टिपणांमध्ये ठेवलंय, की आर्थरचा सरदार लान्सलॉट उशिरा येतो, आर्थर गेलेला असतो, मग तो पश्चिमेकडे समुद्रात निघून जातो आणि परत येत नाही. दोनचार ओळींची टिपणं. आणि ख्रिस्टोफर दाखवतो की हे पश्चिमेला निघून जाणं आणि टॉल्किनच्या स्वतःच्या जगातल्या एआरेंडेल या दर्यावर्द्याचं पश्चिमेकडे जाणं एकाच मनातून, त्याच वर्षांत, शेजारशेजारच्या कागदांवर येत होतं. हे कळल्यावर मला ती अर्धी कविता पूर्ण कवितेपेक्षा मोठी वाटायला लागली. मुलाने हे काम केलं नसतं तर ती टिपणं ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीच्या खोक्यात पडून राहिली असती आणि फार तर पाचपन्नास अभ्यासकांनी बघितली असती. कविता फक्त अभ्यासकांनी वाचायची गोष्ट आहे का? माझ्यासारखा माणूस जो कधी ऑक्सफर्डला जाणार नाही, त्याला ती मिळायला नको?

राहिला तिसरा गट, पूर्ण करून द्या म्हणणारा. हल्ली हा आवाज वाढलाय कारण आता मशीनला सांगितलं की ते कुणाच्याही शैलीत हजार ओळी काढून देतं आणि लोक उत्साहाने म्हणतात, चला 'लेथियन' संपवूया. मला याचा मनापासून विरोध आहे, आणि तो मशीनपुरता नाही, माणसाने केलं तरी आहे. कुणा चाहत्याने आपल्या वहीत पुढचे सर्ग लिहिले तर मला आनंदच होईल, टॉल्किनने स्वतः माल्डनच्या बाबतीत तेच केलं होतं की, पण स्वतःच्या नावाने. त्याच्या ओळींना आपल्या ओळी जोडून, सांधा दिसू न देता, त्याच्या नावाचं पुस्तक म्हणून विकायचं हे मात्र नाही. कायद्याने परवानगी असली तरी नाही. १९७७ ला जे प्रेमापोटी झालं आणि ज्याचा मुलाला आयुष्यभर पश्चात्ताप झाला ते आपण आता सोय म्हणून करायचं का?

शिवाय पूर्ण करणं हे स्वतः टॉल्किनलाही जमलं नाही हे विसरू नका. १९५० च्या सुमारास, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहून झाल्यावर, तो 'लेथियन'कडे परत आला. वीस वर्षांनी. आणि त्याने काय केलं, तुटलेल्या जागेपासून पुढे गेला का? नाही, पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतलं. पहिले काही सर्ग नवे झाले, सुंदर झाले, आधीपेक्षा घट्ट, आणि मग तेही थांबलं. ख्रिस्टोफरने जुनं आणि नवं दोन्ही वेगवेगळं छापलंय, मिसळलं नाही. बेरेन आणि लुथिएनची गोष्ट त्याला इतकी जवळची होती की १९७१ मध्ये बायको गेली तेव्हा त्याने ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट स्मशानभूमीत तिच्या दगडावर 'लुथिएन' कोरून घेतलं आणि दोन वर्षांनी त्याच दगडावर त्याच्या नावाखाली 'बेरेन' आलं. अशी कविता त्याने का सोडली याचं उत्तर मी देणार नाही, ते त्याच्याबरोबर गेलं. पण ती जागा भरायचा अधिकार कुणाला असेल तर त्यालाच होता आणि त्याने ती रिकामी ठेवली.

पुस्तकात लांडग्याच्या त्या प्रसंगानंतर ख्रिस्टोफर सांगतो की कविता इथे संपते आणि मग पुढच्या गोष्टीचे आराखडे देतो. आणि तिथेच एक सुटा तुकडाही देतो, त्याच छंदातला, टॉल्किनने कवितेच्या शेवटाकडचा म्हणून लिहून ठेवलेला. मधले सर्ग नाहीत, हा तुकडा नक्की कुठे बसणार होता ते माहीत नाही, पण आहे. जंगलातला ओढा, न हलणारी काळोखी उंच झाडं, आणि मग पानांतून अचानक एक थरथर जाते आणि मृत्यूसारखा गार प्रतिध्वनी येतो, मेलेली माणसं जिथे वाट बघत बसतात त्या दूरच्या देशाबद्दल सांगणारा. सलग गोष्ट करणाऱ्या संपादकाला या ओळींचं काय करावं कळलं नसतं, कुठे जोडता येत नाहीत म्हणून त्याने त्या गाळल्याच असत्या.